ऐंताबची घरमालकीण

माझ्या दुकानाच्या मालकिणीचा मला आजही राग आहे. हे आधीच सांगून ठेवते. पुढे कुठे तिचं कौतुक झालंच, तर ते माझ्या मनाविरुद्ध झालं असं समजा.

फ्रीमाँटमध्ये जुन्या दुकानांच्या एका रांगेत, लाँड्रीच्या शेजारी, माझं फराळाचं दुकान आहे. चकली, करंजी, चिवडा, पुरणपोळी आणि दारापाशी थोडी फळं-भाजी. मी मूळची तासगावकडची. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. ती मिळाली तोवर कुणाच्या हाताखाली काम करायची इच्छा उरली नव्हती. मंडळाच्या गणपतीला मोदक करून देण्यापासून सुरुवात केली आणि हे दुकान उभं केलं. भांडून उभं केलं. तेलाच्या डब्यापासून फ्रीजरपर्यंत यातली एकही वस्तू मी समोरच्यानं सांगितलेल्या किमतीला घेतलेली नाही. अशा बाईला बोलणीत पहिल्यांदा कुणी हरवलं असेल तर ते या आर्मेनियन म्हातारीनं.

ती दुकानांच्या मागेच एका बसक्या घरात राहायची. नवरा चपला-बूट दुरुस्त करायचा. त्यानं आयुष्यभर खपून ही रांग घेतली आणि तो गेला. भाड्याची बोलणी करायला मी कागद-पेन, शेजारच्या भाड्यांची माहिती, सगळी तयारी करून गेले. तिनं मला थेट स्वयंपाकघरात बसवलं आणि समोर ताटली सरकवली. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून केलेल्या, करंगळीएवढ्या गुंडाळ्या. आपल्या अळूवडीची सडपातळ बहीण म्हणा.

"आधी भाड्याचं बोलू," मी म्हटलं.

"आधी खा. उपाशी माणसाशी मी व्यवहार करत नाही. उपाशी माणूस चिडतो."

"मी चिडलेली नाही."

"बघ, चिडलीस."

मी एक खाल्ली. लिंबाचा आंबटपणा, आत बेदाणे आणि दालचिनीचा वास. दुसरी खाल्ली. तोंड भरलेलं असताना माणसाला घासाघीस करता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मी चावत असताना ती बोलत राहिली आणि माझी ताटली रिकामी झाली तेव्हा भाडं ठरलेलं होतं. मी उसळून म्हटलं, "हे फार होतंय!" तिनं माझा गाल कुरवाळला आणि म्हणाली, "त्साव्द दानिम."

म्हणजे काय, असं मी विचारलं.

"तुझं दुखणं मला येवो. पण भाडं कमी होणार नाही."

हे वाक्य तिच्या तोंडी चोवीस तास असायचं. पोस्टमनला, बसच्या ड्रायव्हरला, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला. तो नळ बिघडवून गेला, तेव्हाही. दृष्ट काढताना आपल्याकडे म्हाताऱ्या कानशिलावर बोटं मोडतात ना, तशी ती हे वाक्य मोडायची.

भाडेकराराचा कागद आला तेव्हा माझं डोकं खरं फिरलं. सगळ्या नेहमीच्या अटींच्या खाली एक जास्तीची अट टाइप केलेली होती: ऑगस्टच्या मध्यावर चर्चमध्ये द्राक्षांवर प्रार्थना होईपर्यंत दुकानात द्राक्षं विकायची नाहीत.

आता मी तासगावकडची. आमच्याकडे द्राक्षाच्या मांडवाखाली पाळणे बांधतात. मला द्राक्षं विकू नको म्हणणारी ही कोण? मी तणतणत तिच्याकडे गेले. ती परसात वेलाखालीच उभी होती, पानं खुडत. वर हिरवे घोस लटकलेले.

"तुमचा देव तुमचा," मी म्हटलं, "माझी द्राक्षं त्याला कशाला विचारून खायची?"

"नवं पीक आधी त्याला दाखवायचं, मग आपण खायचं. तुमच्याकडे असं नाही?"

आहे. आमच्याकडे आंब्याचंसुद्धा तसंच आहे. माझी आजी अक्षय्यतृतीयेआधी आंब्याला हात लावू द्यायची नाही. पण हे तिला सांगायला मी काय वेडी होते?

मी सही केली आणि जुलैमध्ये द्राक्षं आणून काउंटरखाली ठेवली. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की मराठीतून विचारायचं. दोन दिवसांत म्हातारीला वास लागला. मला वाटलं, वकिलाची नोटीस येणार. तसलं काही झालं नाही. ती फोल्डिंगची खुर्ची घेऊन आली, माझ्या दारात बसली आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईला गोड आवाजात सांगू लागली, "आत द्राक्षं आहेत हं. अजून प्रार्थना झालेली नाही. पोट तुमचं, जबाबदारी तुमची."

गोऱ्या लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण माझी गिऱ्हाइकं आपल्या बायका! चातुर्मासात निम्म्या जणींचं कांदा-लसूण बंद, उरलेल्यांचं वांगं. "असेल बाई काहीतरी त्यांच्यात. कशाला उगाच?" म्हणत सगळ्या द्राक्षं सोडून काकडी घ्यायला लागल्या. माल माझ्या घरी आला आणि आम्ही आठवडाभर द्राक्षांची कोशिंबीर खाल्ली.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी मात्र ती चर्चमधून थेट दुकानात आली. कागदी पिशवीत आशीर्वादाची द्राक्षं. पहिला घोस माझ्या मुलीच्या हातात, दुसरा मला. मग दारात उभी राहून तिनं अशी आरोळी ठोकली, की लाँड्रीतले लोक ओले कपडे हातात घेऊन बाहेर आले. "झाली! आता खा!" त्या दिवशी माझ्याकडे द्राक्षांना रांग लागली. तिची खुर्ची तिथेच होती. घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणत होती, "अनुश," म्हणजे गोड लागो. गिऱ्हाइकांना वाटलं, ही माझी नोकर आहे. तिनं ते खोडून काढलं नाही. मीही काढलं नाही.

तिच्या घरात वस्तूंना माणसांपेक्षा जास्त मान होता. दही लावलं की पातेल्याला नवऱ्याचा जुना ओव्हरकोट घालायची आणि आम्हाला हळू बोलायला सांगायची, दही झोपलंय. गॅरेजमध्ये गाडीला जागा नव्हती, कारण तिथे वांग्यांच्या माळा होत्या. कोरून पोकळ केलेली वांगी दोऱ्यात ओवून उन्हात वाळवायची आणि मग आत टांगायची. हिवाळ्यात ती भिजवून, आत खिमा-भात भरून शिजवायची. मी पहिल्यांदा शटर वर केलं तेव्हा मला वाटलं, वटवाघळं आहेत. किंचाळलेच.

"वांग्यांना घाबरतेस?" ती म्हणाली. "आणि भाड्यावरून माझ्याशी भांडतेस?"

हे वांग्याचं काम ऐंताबचं. ते गाव आता तुर्कस्तानात आहे. तिनं ते कधी पाहिलेलं नव्हतं. तुर्कांनी तिथल्या आर्मेनियनांना हाकलून दिलं तेव्हा तिची आजी तिथून पायी निघाली. जे वाचले ते सीरियातल्या हलबला पोहोचले, तिथे म्हातारीचा जन्म, मग लग्न होऊन फ्रेस्नो, मग इथे. हे तिनं मला एकदाच सांगितलं, लसूण सोलता सोलता. सांगून झाल्यावर म्हणाली, "आजीनं येताना काही आणलं नाही. हात आणले." आणि लगेच माझ्यावर ओरडली, की मी लसणीचं साल जाड काढते आहे.

आता माझ्या रागाचं खरं कारण. तिच्याकडे नाताळ सहा जानेवारीला. त्या दिवशी चर्चहून आल्यावर मांती खायची आणि ती आदल्या दिवशी दुपारी सगळ्या घरानं टेबलाभोवती बसून करायची. पीठ पातळ लाटायचं, लहान चौकोन कापायचे, त्यात हरभऱ्याएवढा खिमा ठेवायचा आणि दोन्ही टोकं चिमटायची, की लहानशी होडी होते. अशा होड्या गोल परातीत काठापासून मध्यापर्यंत एकाला एक लावून मांडायच्या. दुसऱ्या दिवशी भट्टीत खरपूस भाजून वर कढत सूप ओतायचं, मग लसणाचं दही आणि आपल्या आमसुलासारखी आंबट, लाल सुमाकची पूड. मटण म्हणजे आमच्या घरात रविवारचा धर्म, त्यामुळे पहिल्याच वर्षी तिनं बोलावलं तेव्हा मी आनंदानं गेले, बाह्या सरसावून टेबलाशी बसले आणि भराभर करून दाखवल्या. तिच्या नातेवाइकांची एक होईतो माझ्या तीन.

म्हातारी माझ्यामागे येऊन थांबली. माझी एक मांती उचलून तिनं डोळ्यांजवळ नेली.

"हे काय आहे?"

मी तोंडं बंद केली होती. नुसती बंद नाही, वर बारीक मुरड घातली होती. पिठात सारण दिसलं की माझी बोटं आपोआप मिटवतात. करंजीचं तोंड उघडं राहिलं तर तळणीत सारण सुटतं आणि चार बायकांत नाक कापलं जातं. आमचे हात त्या भीतीत वाढलेले.

"तू हिला कुलूप लावलंस!" ती ओरडली. "सूप आत जाणार कुठून? दार वाजवून?"

सगळं टेबल हसलं. माझा ट्रे उचलून तिनं बाजूला ठेवली आणि मला कांदा चिरायला बसवलं. मी, जिच्या करंज्या सांता क्लारापासून लोक न्यायला येतात ती, कांदा चिरायला! त्यानंतर दर वर्षी ती मला बोलवायची आणि दर वर्षी कांद्यावर बसवायची. मी दर वर्षी ठरवायचे, की यंदा जायचं नाही. जायचे.

मग एका डिसेंबरात तिचा मुलगा आला. तो रेडमंडला, एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत. माणूस वाईट नव्हता. आईची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, घरात ती एकटी, दारातल्या पायरीवरून एकदा घसरलेली. त्यानं ठरवलं होतं, की घर आणि दुकानं विकायची आणि आईला घेऊन जायचं.

"मॉम, तिथे तुला वेगळी रूम आहे. किचनसुद्धा."

"ऊन आहे?"

"उन्हाळ्यात असतं."

"माझी वांगी काय उन्हाळ्यापर्यंत थांबतील का रे ओली? तुझ्या गावात पाऊस पडतो. बुरशी येईल. मलापण."

"मॉम, वांगी विकत मिळतात. मांतीसुद्धा फ्रोझन मिळते. आता येतं कोण करायला? मागच्या वर्षी अर्धी परात रिकामी होती."

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. तिनं त्याच्याशी सौदा केला. माझ्या समोर केला, म्हणून मला माहीत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चला निघायच्या आधी परात काठापासून मध्यापर्यंत हातानं भरलेली असली, तर ती इथेच राहणार आणि यापुढे त्यानं विषय काढायचा नाही. रिकामी राहिली, तर ती न कुरकुरता विमानात बसणार. मुलानं हात पुढे केला. मी मनात म्हटलं, पोरा, फसलास. फ्रेस्नोहून तिची बहीण आणि भाच्या येणार होत्या. त्या आल्या की परात काय, टबसुद्धा भरला असता.

पाच जानेवारीला मी दुकानात होते. त्या वर्षी मी खरंच जायचं नाही ठरवलं होतं. आदल्या आठवड्यातच तिनं गिऱ्हाइकांसमोर माझ्या चकलीला "तारेचं भेंडोळं" म्हटलं होतं. दुपारी तिची नात, मुलाबरोबर आलेली, कॉलेजात जाणारी, पिठाच्या हातांनी धावत आली.

"आंटी, फॉगमुळे हायवे बंद आहे. फ्रेस्नोवाले परत फिरले. ग्रँडमा एकटीच करतेय. तिच्या बोटांनी चिमटाच बसत नाहीये. प्लीज."

मी भावनेच्या भरात गेले असं कुणी समजू नये. दुकानं विकली गेली असती तर नव्या मालकानं मला महिन्यात बाहेर काढलं असतं. मी दारावरची पाटी फिरवली आणि माझ्याकडे करंज्या करायला येणाऱ्या दोघींना, एक नागपूरची, एक पुण्याची, तशाच ॲप्रनसकट बरोबर घेतलं.

म्हातारी टेबलाशी बसली होती. समोर चौकोनांचा ढीग, परातीत काठाशी जेमतेम एक वेढा. मुलगा बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर. तिनं मान वर केली नाही.

"कांदा चिरून झालाय," ती म्हणाली.

"मी कांद्यासाठी आलेले नाही. टेबलाशी बसणार असेन तर थांबते. नाहीतर निघाले."

"उघड्या ठेवशील?"

"प्रयत्न करीन."

"प्रयत्न नको. शब्द दे."

"शब्द देते, पण चकलीबद्दल जे बोललात ते मागे घ्या."

तिनं घड्याळाकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं. "चकली ठीक आहे," ती म्हणाली. "बस."

आम्ही बसलो. मी दोघींना बजावलं, की फक्त टोकं चिमटायची, तोंड उघडं ठेवायचं. पहिल्या काही छान उघड्या झाल्या. मग वेग आला.

"अवो, हे उघडं काऊन ठेवून राहिले?" नागपूरवाली म्हणाली. "मले तर पाहूनच कसंतरी होते बाप्पा."

"अर्धवट काम आवडणाऱ्यांनाच हे जमेल," पुणेवाली म्हणाली आणि बोलता बोलता तिनं एक मिटवून, मुरड घालून ठेवून दिली. तिची बघून हिची मिटली. मी दोघींवर डाफरले आणि खाली बघते तर माझ्याही हातात बंद.

"कुलूप!" म्हातारी ओरडली. "पुन्हा कुलूप! उघडा! सगळं काय मिटवता तुम्ही लोक?"

"काकू, घाई केली की मिटतेच," पुणेवाली तिला मराठीतून म्हणाली.

नात हसून हसून टेबलावर पडली. म्हातारी आधी आरडली, मग तिनं खिडकीबाहेर मावळतीला लागलेलं ऊन पाहिलं आणि उरलेले चौकोन आमच्याकडे सरकवले. आमचे हात सुटले होते. चौकोन संपत होते, परात भरत होती, वेढ्यामागून वेढा, सगळ्या मुरडीच्या. नात आमची मुरड शिकली आणि तीही मिटवू लागली. एवढा गोंगाट त्या घरात किती दिवसांनी झाला असेल कोण जाणे. ओव्हरकोटातलं दही नक्कीच जागं झालं असणार.

मध्यावर तळहाताएवढी जागा उरली तेव्हा मुलगा कोट घालून आत आला. परातीत वाकून त्यानं पाहिलं.

"मॉम, या बंद आहेत."

त्यानं एक उचलून दाखवली.

"मी जन्मभर तुझ्या मांत्या खाल्ल्या आहेत. मांती उघडी असते. ही मांती नाही. आणि केल्यात कुणी? शेजाऱ्यांनी. हा फाउल आहे, मॉम."

तो बरोबर बोलत होता आणि हे सगळ्यात जास्त तिला पटलेलं असणार. हीच बाई मला एवढी वर्षं या मुरडीवरून कांद्यावर बसवत होती. ती सावकाश उठली. तिनं माझी एक मांती उचलली, डोळ्यांजवळ नेली.

"तुला काय माहीत?" ती मुलाला म्हणाली. "ऐंताबला मोठ्या सणाला बंदच करायचे. माझ्या आजीची सासू अशीच करायची. वर ही नक्षी काढायची."

"तू हे कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? तू रेडमंडला होतास."

मुलगा माझ्याकडे वळला. "हे खरं आहे?"

मी आयुष्यभर व्यापार केला आहे. समोरून माल आला की पकडायचा, हे मला कळतं. "मला तुमच्या आईनं जे शिकवलं तेवढंच येतं," मी म्हटलं.

"आणि घरचे?" तो म्हणाला. "घरचे कुठे आहेत यात?"

"सगळ्यांच्या हाताला पीठ आहे," म्हातारी म्हणाली. "तुझेच तेवढे कोरडे. त्साव्द दानिम, जा, हात धू."

मग त्यानं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बेसिनकडे गेला. मधली जागा त्यानं भरली. त्याच्या होड्या उघड्या होत्या, वेड्यावाकड्या, एकीतून खिमा सांडत होता. म्हातारी एका शब्दानं ओरडली नाही. शेवटची बसली तेव्हा तिनं परातीवर पंचा टाकला आणि ती चर्चसाठी बूट घालू लागली. जाताना माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "पुढच्या वर्षी उघड्या. समजलं?"

ती राहिली. दुकानं राहिली. वांगी दर उन्हाळ्यात वाळतात. मुलानं विषय काढला नाही; उलट आता तो दर जानेवारीला चार दिवस सुट्टी टाकून येतो आणि सगळ्यात वाईट होड्या करतो.

मला राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. नातीनं ती परात फोनवर कुणाकुणाला दाखवली. दुसऱ्या दिवशी ज्यांनी खाल्ल्या त्यांना त्या बंद मांत्या आवडल्या. सुपात मऊ पडत नव्हत्या, चावल्यावर आतून रस यायचा. चर्चमधल्या बायकांनी कृती विचारली. गेल्या वर्षी त्यांच्या हॉलमध्ये सणाचं जेवण होतं, मला बोलावणं होतं. आत गेले तर लांब टेबलावर बायका मांती करत बसलेल्या, सगळ्या बंद, सगळ्यांवर मुरड. एक ठसठशीत बाई मला प्रेमानं समजावू लागली, "ही ऐंताबची जुनी पद्धत. तुम्हाला एकदम नाही जमणार. हे हातात असावं लागतं." आणि तिनं मला मुरड घालून दाखवली. माझीच मुरड. तीही चुकीची, दोन मुरडींमध्ये बोट मावेल एवढी फट.

माझं डोकं सणकलं. मी सगळं सांगायला तोंड उघडलं. म्हातारी समोरच खुर्चीत बसून बदाम खात होती, छताकडे बघत. मी तोंड मिटलं. पण फट मला बघवेना. मी त्या बाईच्या हातातली मांती काढून घेतली. "अशी नाही," मी म्हटलं, "अंगठा आत दाबा. मग वळवा. बघा."

त्या बाईनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या कुंकवाकडे. "तुम्ही हे कुठे शिकलात?"

"तिचं ऐका," म्हातारी छताकडे बघतच म्हणाली. "तिची सासू ऐंताबची."

माझी सासू कवठेमहांकाळची. सगळ्या बायका अदबीनं माझ्याकडे सरकल्या, आणि एकीनं विचारलं, "त्यांनी सुमाक कधी घालायचा म्हणून सांगितलं होतं?"

"शेवटी," मी म्हटलं. "दही घातल्यावर."